सात वाटाण्यांचा सूड

नाही, पण मला एक सांगा, बेचाळीस वर्षांच्या माणसाला भर वर्गात उभं करायचं, फळ्यावरचं काहीतरी मोजायला लावायचं आणि त्याचं चुकलं की खडू खाली पडेपर्यंत हसायचं, हे शोभतं का? आणि हसणारा कोण? परका असता तर मी सोडून दिलं असतं हो, पण हसणारा माझा मेहुणा! हिचा धाकटा भाऊ! ज्याला मी सायकल शिकवली, ज्याची सीट धरून मी धापा टाकत तीन गल्ल्या पळालो, तो! तो पडला तेव्हा मी हसलो होतो का? म्हणजे... हसलो होतो, पण तोंड फिरवून! तुम्हाला सांगतो, त्याच दिवशी मी ठरवलं, याला मी सोडणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, या वयात तुम्ही वर्गात गेलात कशाला? हौस नव्हती! मी रंगाच्या कारखान्यात, गोदामात. अठरा वर्षं पिंपं चढवली, पिंपं उतरवली. प्रत्येक पिंप मी वासावरून ओळखतो. नाकात झिणझिण्या आल्या की हे, डोळ्यांत पाणी आलं की ते, हिची नखं आठवली की अ‍ॅसिटोन! अडलं का कोणाचं? नाही अडलं. पण माझी कंबर गेली ना! डॉक्टर म्हणाले, "पिंपं बंद." साहेब म्हणाले, "पिंपं बंद तर गोदाम बंद." मग राहिली प्रयोगशाळा. तिथे खुर्ची असते हो! पाठीला टेकू असलेली! पण प्रयोगशाळेच्या मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं आणि म्हणाल्या, "इथे वासावर भागत नाही. सेंद्रिय रसायनांची नावं यावी लागतात. परीक्षा पास व्हा, मग खुर्ची." आणि त्या परीक्षेची तयारी करून घेणारा आख्ख्या शहरात एकच वर्ग, रविवारी सकाळी, आणि तो चालवणारा कोण, हे आता सांगायला हवं का?

पहिल्याच दिवशी दारात मला म्हणतो, "दाजी, घरी तुम्ही दाजी. इथे मला सर म्हणायचं हं." म्हटलं बरं, सर तर सर! कंबर माझी गेली होती, जीभ शाबूत होती. शेवटच्या बाकावर बसलो. पुढे सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, बाक त्यांच्या मापाचा, गुडघे माझ्या छातीला! आणि यानं फळ्यावर एक साखळी काढली. कार्बन, कार्बन, कार्बन... आडव्या ओळीत पाच, डावीकडून एक फाटा वर गेलेला, उजवीकडून एक खाली गेलेला. आणि आवाज कसा, तर नाटकातल्या राजासारखा, "सर्वांत लांब साखळीत कार्बन किती? दाजी, तुम्ही सांगा!" बघा, मी सर म्हणायचं, पण हा मला चारचौघांत दाजी म्हणणार! मी मोजले. पाच. पाचच दिसतात हो, कोणीही मोजा! तर हा हसतोय! "दाजी, साखळी सरळच असते असं कोणी सांगितलं? या फाट्यातून या, कोपऱ्यावर वळा, तिकडून खाली उतरा... किती झाले? सात! वाकडं बघा, दाजी, वाकडं!" आणि वर्ग हसला. पहिल्या बाकावरची वेणीवाली तर वहीत डोकं घालून हसली.

तेही मी गिळलं असतं, पण त्या दुपारी जेवायला आम्ही सगळे सासुरवाडीला. आणि यानं ताटावर बसल्या बसल्या काय जाहीर करावं? "आई, आपल्या दाजींना सातपर्यंत मोजता येत नाही!" संपलं! चार शब्दांत माणूस संपवला! सासूबाई हसल्या, सासरे हसले... जे सासरे बातम्यांतल्या खेळाडूंवरसुद्धा चिडतात, ते हसले! आणि ही? माझी बायको? हिनं हसू आवरेना म्हणून पेला खाली ठेवला, आणि मग नीट, दोन्ही हात मोकळे करून हसली! तुम्हाला सांगतो, याला मी सोडणार नव्हतो. ठरलं! ज्या फळ्यापुढे यानं मला उभं केलं त्याच फळ्यावर याची चूक पकडायची. आणि चूक पकडायची तर आधी ते सगळं आपल्याला यायला हवं की नको?

मग मी शिकलो! अहो, विद्येच्या ओढीनं कोणी शिकत असेल तर शिको, मी खुन्नसनं शिकलो! मिथ म्हणजे एक कार्बन, इथ दोन, प्रोप तीन, ब्युट चार... पहाटे दाढी करताना, पेंट पाच, हेक्झ सहा, हेप्ट सात... गाल कापला तरी हेप्ट! आणि नियम तरी किती? साखळी लांबात लांब धरा, आकडे अशा टोकाकडून टाका की फाट्यांना लहानात लहान आकडा मिळेल, दोन फाटे असले की अक्षराप्रमाणे रांग लावा, पण दोन-तीन सांगणारे 'डाय'-'ट्राय' त्यात धरू नका. का नका धरू? विचारायचं नाही! आणि तो क्रियात्मक गट! तो साखळीत आला की आधीचं सगळं रद्द, मोजणी त्याच्या सोयीनं सुरू. हे मात्र मला एकदम कळलं, कारण सासूबाई पंगतीत कुठेही बसल्या तरी वाढायला सुरुवात तिथूनच होते. बाकीच्यांनी आपापले नंबर बघून घ्यायचे!

परीक्षेपर्यंत साहेबांनी गोदामात नुसतं पिंपं मोजायला ठेवलं होतं, तिथे लेबलं वाचायला लागलो तर डोकंच फिरलं. ज्याला आम्ही सगळे एमईके म्हणतो, अठरा वर्षं ज्याच्यापायी कंबर मोडून घेतली, तो ब्युटेनोन निघाला! आणि आमचा अ‍ॅसिटोन, प्रोपॅनोन! म्हणजे इतकी वर्षं एकत्र काढून यांनी आपलं नाव सांगितलं नाही! मी त्या पिंपाला रागानं लाथ मारली आणि कंबरेतून अशी कळ आली की प्रोपॅनोन जन्मात विसरणार नाही.

आणि दर रविवारी मी मागच्या बाकावर दबा धरून. तो लिहितो, मी तपासतो. दुसरा रविवार, चूक नाही. चौथा, नाही. सातव्या रविवारी त्याचा खडू जरा अडखळला, मी अर्धा उठलो... तर त्याला शिंक आली होती! चुकेनाच हो माणूस! कसला कोडगा! पण तुम्हाला सांगतो, मी सोडणार नव्हतो त्याला.

नववा रविवार. परीक्षा बारा दिवसांवर. कोणीतरी बैठक क्रमांकाचं विचारलं, हा मान वळवून उत्तर देतोय, "पत्र घरी येईल, नाही आलं तर मला सांगा," आणि हात इकडे फळ्यावर आपोआप लिहितोय, दोन-इथाइलपेंटेन. दोन! इथाइल! पेंटेन! अंगावर काटा आला माझ्या! अहो, दुसऱ्या कार्बनवर इथाइल कधी बसूच शकत नाही! बसला की तोच साखळीत जातो आणि साखळी लांबते! मी उठलो. गुडघा बाकावर आपटला, आपटू दे! म्हटलं, "सर..." असं मधासारखं म्हटलं, "सर, साखळी सरळच असते असं कोणी सांगितलं? वळा की जरा! सहा होतात. तीन-मिथाइलहेक्झेन!" यानं फळ्याकडे बघितलं. कान लाल! वेणीवालीनं माझ्याकडे वळून बघितलं, डोळे हे एवढे! काय सांगू तुम्हाला, माझ्या लग्नातसुद्धा माझ्याकडे इतक्या आदरानं कोणी बघितलं नव्हतं.

पण खरा सूड वर्गात नव्हता ना! खरा सूड जेवणाच्या टेबलावर! तसाच सासुरवाडीला धावत गेलो, सगळे बसलेले, तोही सायकलवरून माझ्याआधी येऊन गुमान बसलेला, आणि मी जाहीर केलं, "आज तुमच्या लेकानं काय लिहिलं माहितीये? दोन-इथाइलपेंटेन!" आणि थांबलो. हसण्यासाठी जागा ठेवली.

कोणी हसेना.

सासूबाई म्हणाल्या, "मग?" म्हटलं, "मग काय! ते तीन-मिथाइलहेक्झेन आहे!" ही म्हणते, "अहो, जेवा ना." आता सांगा, याच्या विनोदाला चार शब्द पुरले, आणि माझ्या विनोदाला आधी कार्बन कळायला हवा! पण मी सोडणार होतो का? ताटातले सात वाटाणे काढले, टेबलावर मांडले. "हा कार्बन. याला चार हात." सासूबाई म्हणाल्या, "कुठेत हात?" म्हटलं, "आहेत असं धरा!" पाच आडवे, दुसऱ्यापासून दोनांचा फाटा वर. वीस मिनिटं! जेवण गार! शेवटी म्हटलं, "आता सगळ्यांनी वळून मोजा," आणि बघतो तर वरचा एक वाटाणा नाही. सासरे चावत होते!

"बाबा, तो कार्बन होता!"

"मऊ होता," ते म्हणाले.

आणि सासूबाईंनी बोटानं मोजलं. "इकडून पाच, तिकडूनही वळून पाचच. मग बाळ बरोबरच म्हणत होता की पेंटेन!" अहो, मी रडायचा बाकी राहिलो! तेवढ्यात त्यानं, त्या मेहुण्यानं, स्वतःच्या ताटातला वाटाणा उचलून जागेवर ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "नाही आई, दाजी बरोबर आहेत. माझीच चूक."

झालं! सासूबाईंचे डोळे भरून आले. "बघितलंत? केवढं मोठं मन! आणि जावईबापू, किती छान शिकवलंय हो त्यानं तुम्हाला! नऊ आठवड्यांपूर्वी सात येत नव्हते, आज चुका काढताय!" ही म्हणाली, "माझा भाऊ आहेच तसा." आणि उरलेला तीन-मिथाइलहेक्झेन सासऱ्यांनी चमच्यानं ओढून घेतला.

पास झालो. चांगला झालो. खुर्ची मिळाली, टेकूवाली. पहिल्या दिवशी मॅडमनी पाच बाटल्या समोर ठेवल्या, मी पाचही नावं घडाघड सांगितली. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "कोणाकडे शिकलात हो? आमच्या नव्या मुलांनाही तिथेच पाठवते." तुम्हाला सांगतो, हीच संधी होती. एक शब्द वाकडा बोललो असतो तर त्याचा वर्ग बसला असता! मी तोंड उघडलं... आणि त्याचं नाव दिलं, पत्ता दिला, फोन नंबर दिला, आणि वर, "लवकर पाठवा हं मॅडम, रविवारच्या जागा पटकन भरतात," हेही मीच सांगितलं.