सारखे दिसणारे दोन लेख

टेलरमास्तरांची दाढ ठणकत होती, पण कान शाबूत होते. दातांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

“ताई, प्रबंधासाठी शोधलेले सगळे लेख मी या एका फाइलमध्ये उतरवून घेतले. आता ती या संदर्भयादीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची. शीर्षक, लेखक, साल, सगळं आपोआप जागच्या जागी बसतं.”

“आम्ही हाताने लिहून बोटं मोडून घेतली गं.”

“चार ठिकाणी शोधलं की तोच लेख चारदा येतो. मग हे विचारतं, दोन्ही एकच दिसतात, कुठला ठेवू?”

“शहाणं आहे की!”

“अगं, हा तर तुझा! परिषदेत वाचलेला.”

“सापडला? मला वाटलं, गेला कुठेतरी वाहून.”

“आणि याच्याशी जुळतोय म्हणून दाखवतंय तो... ताई, शीर्षक तेच. सारांश शब्दन् शब्द तोच. लेखक तुझे सर.”

“साल?”

“तुझ्या पुढच्या वर्षीचं.”

“सर मला म्हणाले होते, यात नवीन काही नाही. म्हणून तर संशोधन सोडलं मी.”

“टेलरमास्तर, या आत!” दारातून हाक आली.

“माझ्या मागच्यांना घ्या आधी,” मास्तर गाल धरून म्हणाले. “माझी दाढ थांबेल.”

“ताई, सांग ना. कुठला ठेवू?”

“दोन्ही ठेव.”

“दोन्ही?”

“हो. एकाखाली एक. साल वाचता येतं लोकांना.”