थोरलीची पानं

बाबा: …आणि अंगणातल्या थोरलीचं म्हणशील, तर सकाळीच तिची पानं वर गोळा करून बांधून टाकली. वरून गोणपाट. मधल्या कोवळ्या पानाच्या सुरळीत पाणी शिरून गोठलं की पाम संपला. तर तिची चिंता नाही. ती जमिनीत आहे, थंडीला हसते. चिंता या कुंड्यांची.

मुलगी: बाबा, तुमचा आवाज डब्यातून आल्यासारखा का येतोय?

बाबा: काचेच्या खोलीत बसलोय.

मुलगी: आत्ता? इथे लाँड्रीबाहेर बर्फ साचलाय. हीटर चालू आहे ना?

बाबा: वीज गेलीय. तारेवर फांदी पडली म्हणे.

मुलगी: मग घरात जाऊन बसा की. हे पाम थंडीतलेच आहेत, तुम्हीच तर येईल-जाईल त्याला ऐकवता.

बाबा: अर्धवट ऐकतेस तू. आईवर गेलीस. जमिनीत मूळ पांघरुणात असतं. कुंडीला चहूबाजूंनी गारठा. मूळ गोठतं, वर पान मात्र हिरवंच दिसतं, आणि आपण उन्हाळ्यापर्यंत मेलेल्याला पाणी घालत बसतो.

मुलगी: कुंड्या उचलून घरात न्या मग.

बाबा: माझ्या मांडीएवढ्या उंच आहेत त्या. बी आधी खाली खोल मूळ सोडतं, वर यायचं नंतर बघतं. बस चालवून चालवून कंबर गेली माझी, तिला विचार. म्हणून शेगडी आणली आत.

मुलगी: कसली शेगडी?

बाबा: कोळशाची. झकास लाल झालीय. फटींत चिंध्या कोंबल्या, वर चिकटपट्टी. वाऱ्याची काय बिशाद.

मुलगी: बाबा, दार उघडा.

बाबा: का?

मुलगी: उघडा आधी. मग सांगते.

इस्त्रीवाली: काय गं? काय झालं? इस्त्रीच्या चादरीपेक्षा पांढरी पडलीस.

मुलगी: बाबा बंद खोलीत कोळसा पेटवून बसलेत. तुझ्या फोनवरून आमच्या शेजारच्या मास्तरांना लाव. हे घे, नंबर बघ. बाबा, ऐकताय ना? कोळशाचा वायू साठतो. माणूस झोपेत जातो त्यानं.

बाबा: वास आला की उघडतो.

मुलगी: वास नसतो त्याला. डोकं दुखतंय का?

बाबा: जरासं ठणकतंय. सकाळपासून चहा झाला नाही, त्याचं असेल.

मुलगी: चहाचं नाही ते. दार उघडा.

बाबा: दार उघडलं की सगळी ऊब गेली. आणि ही रोपं गेली. तुझ्या आईनं पेरलेली ही शेवटची. उगवली तेव्हा ती नव्हती. गवताच्या पातीसारखं एक पान आलं, मग कितीतरी महिने काहीच नाही. आता कुठे पानाचा पंखा उघडायला लागलाय. आणि तू म्हणतेस दार उघडा.

मुलगी: मग एक काच फोडा. छोटीशी. वरची.

बाबा: काच खाली रोपांवर पडेल. काय बोलतेस, चिंगे.

इस्त्रीवाली: मास्तर उचलत नाहीत.

मुलगी: कानातलं यंत्र काढून ठेवलं असेल. लावत राहा. नाही, थांब, आधी रुग्णवाहिकेला लाव. पत्ता मी लिहून देते. बाबा, बोलत राहा. कशावर बसलात?

बाबा: पालथ्या बादलीवर.

मुलगी: उभे राहा बघू.

बाबा: राहतो. जरा वेळानं.

मुलगी: आत्ता.

बाबा: पाय जड झालेत. बसून बसून मुंग्या आल्यात.

इस्त्रीवाली: निघतेय म्हणाले गाडी. पण रस्ता निसरडा आहे, घाई करता येणार नाही म्हणाले. फोन स्पीकरवर टाक, मलाही ऐकू दे.

मुलगी: बाबा, समोर कुठल्या कुंड्या आहेत? आईनं नावं ठेवलेली ना त्यांना. सांगा मला एकेक.

बाबा: माहितीयत की तुला.

मुलगी: विसरले मी. सांगा.

बाबा: ही आळशी. सगळ्यात उशिरा उगवली. मग वाकडी. मग सासूबाई, हिच्या कडेला काटे. मग… वाकडी.

मुलगी: वाकडी झाली.

बाबा: झाली का? मग आळशी. मग ती… वाकडी गं.

मुलगी: बाबा.

बाबा: छान ऊब आहे इथे.

मुलगी: बाबा, उठा. बाबा, ऊठ. ऊठ म्हणते ना तुला.

बाबा: ओरडू नको. रोपं…

मुलगी: बाबा?

बाबा: हं.

मुलगी: झोपू नका.

बाबा: नाही. डोळे मिटलेत नुसते.

इस्त्रीवाली: मास्तरांचा फोन वाजतोय नुसता. अजून कोण आहे तिथे जवळ? आठव ना.

मुलगी: कोणी नाही. कोणीच नाही गं.

बाबा: कोण आहे तिथे?

मुलगी: मी. चिंगी. बाबा, एक विचारू?

बाबा: हं.

मुलगी: थोरलीची पानं बांधलीत का?

इस्त्रीवाली: अगं, हे काय विचारतेस आत्ता…

(मुलगी तिच्या तोंडावर हात ठेवते.)

मुलगी: बाबा? अंगणातली थोरली. बर्फ पडतोय. पानं बांधलीत का तिची?

बाबा: थोरलीची.

मुलगी: हो.

बाबा: पानं.

मुलगी: सुरळीत पाणी जाईल, बाबा.

बाबा: …नाही बांधली.

मुलगी: मग?

बाबा: अरे देवा. दोरी कुठेय? चिंगे, दोरी कुठे ठेवली मी?

मुलगी: बाहेर आहे. तिच्या बुंध्याशीच आहे. उठा. फोन शर्टाच्या खिशात टाका. भिंतीला धरा.

बाबा: हे दार… हे चिकटलंय. कोणी चिकटवलं हे?

मुलगी: पट्टी आहे. वरून नख घालून ओढा. जोरात. ऐकू येतंय मला, निघतेय. अजून ओढा. बाबा? आता कडी. बाबा, कडी वर करा.

बाबा:

मुलगी: बाबा.

बाबा:

इस्त्रीवाली: काहीतरी आदळलं. दार होतं का?

मुलगी: माहीत नाही.

इस्त्रीवाली: वारा ऐकू येतोय. ऐक. वारा आहे तो.

मुलगी: बाबा, बोला काहीतरी. शिवी द्या. काहीही.

बाबा: ओकलो.

मुलगी: कुठे आहात?

बाबा: बर्फात. गुडघ्यांवर.

मुलगी: तिथेच राहा. मोठा श्वास घ्या. अजून एक. आत जायचं नाही.

बाबा: दार उघडं राहिलं, चिंगे.

मुलगी: राहू दे.

बाबा: कुंड्यांवर वारा जातोय. मला इथून दिसतंय. आळशीची पानं हलतायत.

मुलगी: शपथ आहे माझी. त्या दाराकडे पाठ करा आणि थोरलीला टेकून बसा.

बाबा: बसलो. डोकं फुटतंय गं.

मुलगी: येतेय गाडी. हात कुठे आहेत तुमचे?

बाबा: गार पडलेत. स्वेटर आत राहिला. आणि हे काय, ही तर बांधलेली आहे. वर गोणपाटसुद्धा.

मुलगी: मग ते गोणपाट काढा आणि अंगावर घ्या.

बाबा: आणि हिचं काय?

मुलगी: ती जमिनीत आहे, बाबा. तुम्ही कुंडीत आहात.

बाबा: फार बोलायला लागलीस. मघाशी अरे-तुरेही केलंस मला.

मुलगी: केलं. गाठ सुटतेय का?

बाबा: सुटली. अंगावर घेतलंय. ओलं आहे, पण वारा अडतोय.

इस्त्रीवाली: गाडी तुमच्या गल्लीत वळली म्हणतायत.

मुलगी: ऐकलंत, बाबा?

बाबा: भोंगा ऐकू येतोय. चिंगे, ही गाठ माझीच होती. बसच्या टपावर सामान बांधायचो ना, तशी. मीच बांधली होती हिला.

मुलगी: हो. सकाळी.

बाबा: तुला माहीत होतं?

मुलगी: तुम्हीच सांगितलंत की मघाशी.

बाबा: मग विचारलंस कशाला?

मुलगी: थोरलीसाठी तरी उठाल म्हणून. तुम्हाला आठवेल याचीच भीती वाटत होती, बाबा.