रामभाऊ मास्तरांची निवड

तुमी निवडणुकीचं बोलून राह्यले, म्हणून सांगतो. निजामाच्या राज्यात मी बी एकदा अध्यक्ष निवडला होता.

जाफराबादला आमी दहा-बारा जण मिळून वाचनालय काढून राह्यलो होतो. अध्यक्षासाठी दोन नावं आली. एक देशमुख. माणूस वजनदार, पण फौजदारासंग उठबस. दुसरे रामभाऊ मास्तर. अंगावर खादी, शब्दाला पक्के. त्यांनी आधीच सांगितलं, "वाचनालयात कोणत्याबी जातीचा माणूस येईल. कबूल असंल तरच माझं नाव घ्या."

लई वाद झाला. शेवटी सगळ्यांनी मास्तरांसाठी हात वर केले. तवा वाचनालयालाबी सरकारची परवानगी लागायची; त्या अर्जावर अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव मीच लिहिलं अन् कचेरीत देऊन आल्तो.

चौथ्या दिवशी पोलिसांनी मास्तरांना घरातून उचललं. दुसऱ्या कोणाला हात लावला न्हाई. पावसाळ्यात ते जेलातच तापानं वारले.

मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी इचारलं, "भाऊ, यांचंच नाव कामून दिलं?"

मी म्हणलो, "वहिनी, आमच्यात सगळ्यात भला माणूस तेच होते."

त्या म्हणाल्या, "एखादा वाईट बघायचा होता ना, भाऊ."