मधलं पद

मॅडम : तीनच महिने झालेत, मल्हारराव. आणि परत मोजणीवर पाठवा म्हणून अर्ज?

मल्हारराव : व्हय, मॅडम.

मॅडम : नकाशा कक्षात हे समन्वयकाचं पद निर्माण करायला मला तीन वर्षं लागली. खाली गल्ल्या मोजणारे तुम्ही, वर संगणकावर रेघा ओढणारी मुलं. मध्ये कुणीच नव्हतं. पदवीची अट काढून अनुभवाची घालून घेतली, ती कुणासाठी?

मल्हारराव : माझ्यासाठी. जाणतो मी. पर मधी कुणी नव्हतं म्हणता ना, आत्ताबी नाय. मी एकलाच हाये तिथं.

मॅडम : मुलं नीट वागत नाहीत?

मल्हारराव : लई चांगली हायेत. काका म्हणतेत, खुर्ची देतेत. मंग कानाला हेडफोन लावून आपापलं काम करतेत. औरंगपुऱ्यात मोजणीला गेलो तर चार दुकानांतून हाका यायच्या. आन् सांडू... एकोणीस वर्षं टेपचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. आता खाली जेवायला गेलो की समद्यांचं बोलणं थांबतं. परवा तर मी बसायच्या आत डबे आवरले.

मॅडम : घरी कुणी?

मल्हारराव : बायको, सखू, गेली दोन वर्षांखाली. शनिवारी इथून निघालो की सोमवारी इथंच तोंड उघडतो.

मॅडम : हे मला माहीत नव्हतं.

मल्हारराव : तुम्ही कशाला मनाला लावून घेता.

मॅडम : एक विचारू? हर्सूलच्या तलावामागं धनगरांची बेचाळीस घरं. ती नकाशावर कुणी आणली?

मल्हारराव : मी फकस्त सांगितलं पोरांना, पडद्यावर दिसतेत ती झुडपं नायत. खाली माणसं ऱ्हातेत.

मॅडम : काल तिथल्या नळाला मंजुरी आली. अशा अजून किती वस्त्या आहेत?

मल्हारराव : सात. मला ठाव हायेत तेवढ्या.

मॅडम : तुम्ही गेलात तर हे पद रिकामं राहील. रिकामं राहिलं की रद्द होईल.

मल्हारराव : रद्द?

मॅडम : मी आग्रह नाही करणार.

मल्हारराव : द्या तो अर्ज इकडं.

मॅडम : थांबताय?

मल्हारराव : थांबतो. त्या सातांचं कुणी सांगायचं मंग?

(दारात सांडू येतो. गळ्यात टेप.)

सांडू : साहेब, आम्ही सिल्लोड रोडला निघालो.

मल्हारराव : साहेब काय रे? मल्हारी म्हण की.

सांडू : मॅडम हायेत ना.

मल्हारराव : आन् नसल्या तर?

सांडू : गाडी खोळंबलीय. येऊ का, साहेब?

मल्हारराव : ये. रुमाल बांध डोक्याला, ऊन लई हाये.