अध्यक्षीणबाईंच्या खांबावरचं लाल कापड

...आता मला सांगा, आपल्याच खांबावर लाल कापड दिसलं तर बाई काय करेल? काढेलच ना? त्यातून ती गावच्या महिला समितीची अध्यक्ष, घरोघर जाऊन चटया झाडल्यात का, संडास धुतलेत का ते बघणारी. मग दोन्ही हातांनी काढेल. मी काढलं. अध्यक्षीणबाईंचं घर हो ते! चुकलं म्हणता? चुकलंच.

पण ऐका तर. गोवराची साथ, सामोआभर शाळा बंद, आणि सरकारचा हुकूम, की ज्यांची सुई राहिलीय त्यांनी घरासमोर लाल कापड लावून घरातच बसायचं, नर्सची गाडी दारात येईल. हे गावभर सांगितलं कोणी? मी. घसा बसला. गावातलीच लाओमीता म्हणाली, "मागल्या वर्षी सुईनंतर दोन लेकरं दगावली म्हणे." तिला समजावून समजावून तिचं कापड मी माझ्या हातानं बांधलं. आणि माझ्याच घरात? सून माझी, सीआ, सात महिन्यांच्या माझ्या नातवाला, तासीला, छातीशी धरून एकच पालुपद, "आई, मला भीती वाटते." रागावले, विनवलं, पाद्रीबाबांना आणलं... "आई, मला भीती वाटते." शेवटी बोलणं सोडलं. खरं सांगू? वाटलं, निदान गावाला कळू नये. अध्यक्षीणबाईंचं घर हो ते.

तर गाडी यायच्या दिवशी पहाटे उठते तो समोरच्या खांबाला हिचा कमरेला गुंडाळायचा लाल लाव्हालाव्हा. म्हटलं, हिला कपडे वाळत घालायला आजचाच दिवस सापडला? ओढला, घडी केली, पेटीत तळाशी कोंबला. गाडी आली, हळू झाली, नर्सनं डोकं बाहेर काढलं, "अध्यक्षीणबाई, तुमच्याकडे?" मी आपला ऐटीत हात हलवला, "आमच्याकडे सगळ्यांचं झालंय, व्हा पुढे."

गेली की गाडी.

आणि मागून सीआ, तासीला आंघोळ घालून, नवा सदरा चढवून... "आई, गाडी थांबली का नाही? शेजारचं बाळ रात्रभर खोकत होतं, मला ऐकवेना. मी कापड लावलं होतं ना."

तुम्हाला सांगते, या वयात मी धावले. आमच्या घरांना भिंती कुठे? दोन्हीकडून बायका बघतायत, अध्यक्षीणबाई रस्त्यावर, एका पायात चप्पल... गाडी काही सापडली नाही. ती फिरून आली तिसऱ्या दिवशी. सुई झाली. नर्स म्हणाली, "गुण यायला दोन आठवडे लागतील, तोवर जपा." शेजारचा खोकला काय दोन आठवडे थांबणारे?

सुई होऊन आज आठवा दिवस. कालपासून तासीचं अंग गरम आहे. सुईचाही ताप येतो म्हणते नर्स. असेल, तोच असेल. मी आपली घडीघडी त्याच्या कानामागे पुरळ शोधते. सीआ शेजारीच असते, ओला फडका बदलत.

बोलत मात्र नाही हो ती. बोलली असती तर मी भांडले तरी असते.