गुडघाभर पाणी

…आणि पाणी किती? गुडघाभर! माझ्या गुडघ्याएवढं म्हणतोय मी, आणि माझी उंची काय ती तुम्ही बघताच आहात. इथून निघा, चालत त्या पांढऱ्या बोटीपर्यंत जा, वाटेत चार लोकांशी भांडा, परत या… चड्डी कोरडी! लाट येते, नाही असं नाही, पण घोटा ओला करते आणि माफी मागितल्यासारखी मागे जाते. ह्या समुद्रात बुडायचं तर माणसाला मुद्दाम पालथं पडावं लागेल, आणि वर धीर धरून पडून राहावं लागेल. आणि अशा पाण्यात माझी नात, आल्बा, वय वर्षं पाच, आठवडाभर पाऊल टाकायला तयार नव्हती!

तुम्ही म्हणाल, पोरगी घाबरट असेल. छे हो! गेल्या वर्षी हिला पाण्यातून बाहेर काढताना आमची दमछाक व्हायची. कारण वेगळंच होतं. कारण होतं जेवण.

आता जेवलेलं मूल पाण्यात जात नाही, हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे? तीन तास. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारू नका. पोप बदलले, सरकारं तर आमच्याकडे दर उन्हाळ्याला बदलतात, तीन तास काही बदलले नाहीत. पोट भरलेलं, पाणी गार, आत गेलं की पोटात गोळा, आणि माणूस दगडासारखा तळाशी! कुठल्या तळाशी? तळ दिसतोय! तळावर माझी परवा हरवलेली चप्पल दिसतेय! आणि आम्ही किनाऱ्यावर काय दोन बिस्किटं खातो? भाजलेल्या पास्त्याचा ट्रे, तळलेली वांगी, भरलेल्या ढोबळ्या मिरच्या, ओल्या वाळूत पुरून गार केलेलं कलिंगड… मग काय, दुपारी सगळी पोरं छत्र्यांखाली रांगेनं बसलेली, दवाखान्यातल्या बाकावर बसतात तशी, आणि समोर पाणी. गुडघाभर.

आणि ह्या सगळ्या किनाऱ्याचं कोर्ट म्हणजे माझी बायको, इम्माकोलाता. इम्मा. तिला घड्याळ लागायचं नाही. पोरं तिच्यासमोर उभी राहायची, आमची, शेजारच्या फिलोमेनाबाईची, पार त्या टोकाच्या छत्रीतली… इम्मा पोराच्या पोटावर हात ठेवायची, डोळे मिटायची, कानाशी वाकायची, आणि मग म्हणायची, ‘जा.’ नाहीतर, ‘अजून नाही.’ अजून नाही म्हटलं की अपील नाही. पोरगं निमूट सावलीत. माझं काम छत्री रोवायची, टेबल उघडायचं, कलिंगड पुरायचं आणि टोपी तोंडावर घेऊन पडायचं. पाणी माझ्या खात्यात नव्हतं. मी ऑलिव्हचा माणूस, जन्म झाडाखाली गेला. समुद्राशी माझी ओळख घोट्यापर्यंत.

फेब्रुवारीत इम्मा गेली. आडवळणानं सांगायला मला येत नाही. गेली. घरात काय होतं ते सोसवतं एक वेळ, पण इथे रोज सामान काढताना तिची हिरवी खुर्चीपण हातात येते, आणि मी ती उघडून ठेवतो, आणि मग दिवसभर तिच्याकडे बघायचं टाळतो. फार वाईट वाटतं हो.

तर पहिल्या दिवशी जेवण झालं, तीन तास झाले. दोनातो, आल्बाचा भाऊ, सात वर्षांचा, तो माझ्या मनगटावरचं घड्याळ बघून पळाला सुद्धा. आल्बा जागची हलेना. म्हटलं, ‘अगं, जा की.’ तर म्हणते कशी, ‘पोटाला हात कुठे लावलाय कोणी?’

मी लावला. डोळेसुद्धा मिटले. म्हणाली, ‘तुम्हाला नाही येत, आजोबा.’ फिलोमेनाबाईला बोलावलं. तिचा हात गार आहे म्हणाली. गार! ऑगस्ट महिना, बाई घामानं निथळतेय, आणि हिला हात गार!

रोज संध्याकाळी मुलीचा, ओर्नेल्लाचा, तोरिनोहून फोन. ‘बाबा, आल्बा पाण्यात गेली का?’ ‘उद्या जाईल.’ ‘बाबा, तुम्हाला एकट्याला झेपत नाहीये.’ ‘अगं, पाणी गुडघाभर—’ ‘प्रश्न पाण्याचा नाही, बाबा. पोरगी कोमेजलीये. रविवारी मी न्यायला येतेय, आणि पुढच्या वर्षीपासून मुलं सासूबाईंकडे डोंगरात जातील.’ डोंगरात! ऑगस्टमध्ये स्वेटर घालून गायी बघायच्या! मग इथे मी कोणासाठी कलिंगड पुरू, सांगा ना? माझ्याकडे दुसरं उरलंय काय?

मग मी डोकं चालवलं. म्हटलं जेवणच द्यायचं नाही! आधी समुद्र, मग जेवण. रिकामं पोट, हात कशाला लागतोय? पण किनाऱ्यावर गुपित राहतंय थोडंच. फिलोमेनाबाई कडाडली, ‘वितो! लाज वाटत नाही? आई नसलेल्या घरात पोरं उपाशी!’ आई तोरिनोत धडधाकट आहे, पण बाईला कोण सांगणार? चारी बाजूंच्या छत्र्यांतून ताटल्या निघाल्या. हिनं मीटबॉल, तिनं पास्ता… मी उठेपर्यंत पोरांच्या गालात घास! लागा परत रांगेला! आणि पाणी आपलं समोर. गुडघाभर.

शनिवार आला. उद्या ओर्नेल्ला येणार. जेवणं झाली, वेळ झाली, आल्बा बसलेली. माझा तोल गेला. ओरडलो, ‘आजी नाहीये आता! कुठून आणू तो हात?’

अख्ख्या किनाऱ्यानं मान वळवली. फिलोमेनाबाईची कलिंगड कापणारी सुरीसुद्धा थांबली. मला वाटलं पोरगी आता भोकाड पसरणार. तर तिनं वाळूतून वर बघितलं आणि म्हणाली, ‘माहितेय मला. मी होते ना चर्चमध्ये. तुम्ही रडत होता आणि दोनातो च्युइंगम खात होता.’ मग वाळूत बोट फिरवत, ‘तुम्ही नुसता हात ठेवता. विचारत नाही काही.’

‘काय विचारायचं?’

असं बघितलं तिनं माझ्याकडे, जसं फक्त इम्मा बघायची. ‘आजी कानात विचारायची ना. भीती वाटते का म्हणून. नाही म्हटलं, तर जा. हो म्हटलं, तर अजून नाही.’

मी दोनातोकडे वळलो. ‘तुला पण?’ म्हणे, ‘सगळ्यांनाच. मी कायम नाहीच म्हणायचो.’ ‘मग?’ ‘मग आजी परत विचारायची.’

तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं मी त्या बाईच्या शेजारी टोपी तोंडावर घेऊन पडलोय, आणि मला वाटत होतं ही पास्ता तपासतेय!

मी गुडघे टेकले. पोटावर हात ठेवला. एवढंसं पोट हो, कलिंगडानं टम्म झालेलं. कानाशी वाकून विचारलं, ‘भीती वाटते का?’

‘हो.’

‘कशाची?’

‘आत गेले आणि मागे वळून बघितलं, तर आजीची खुर्ची रिकामी असेल.’

ऐकलंत? मला साठी उलटल्यावर जे तोंडातून काढता आलं नाही, ते ह्या एवढ्याशा पोरीनं सांगून टाकलं. आणि मी तिकडे मिरच्यांना आणि मीटबॉलना दोष देत बसलोय! म्हटलं, ‘मी येतो बरोबर.’ तर तिनं तिचा वाळूचा हात माझ्या ढेरीवर ठेवला, डोळे मिटले. ‘तुम्हाला भीती वाटते का, आजोबा?’

‘वाटते.’

‘किती?’

‘गुडघाभर.’

तिनं विचार केला. म्हणाली, ‘मग चालेल. माझी पण तेवढीच आहे.’

आणि निघालो! घोटा गेला, नडगी गेली, मागून फिलोमेनाबाई किंचाळतेय, ‘वितो! मिरच्या! आत्ता चार मिरच्या खाल्ल्यास तू! मरशील!’ आणि दोनातो पुढे उड्या मारतोय, आणि आल्बानं माझं बोट असं आवळलेलं की लाल झालं. मागे कोणीच बघितलं नाही. मीपण नाही. थेट पांढऱ्या बोटीपाशी पोचलो, तिथे तिनं बोट सोडलं, श्वास घेतला, आणि गर्रकन वळली.

लांबून छत्र्या एवढ्या एवढ्याशा. निळी कुठली, आमची कुठली, खाली बसलंय कोण, काही कळेना.

‘इथून दिसतच नाही, आजोबा, कोण कुठे बसलंय.’

‘नाही दिसत.’

‘म्हणजे असेल पण.’

मी डोळे चोळले. डोळ्यांत खारं पाणी गेलं होतं. तिथवर उडालं कसं, ते मला विचारू नका.

संध्याकाळी फोन तिनंच हिसकावला. ‘आई, मी डोंगरात जाणार नाही. मी नाही आले तर इथे हात कोण लावणार?’ ओर्नेल्लानं फोन मला द्यायला लावला. मग म्हणाली, ‘बाबा, मी पण आठवडाभर राहीन म्हणते. माझ्या पोटाला पण लावेल का ती हात?’

तेव्हापासून हे असं चाललंय. बघा तिकडे. हिरव्या खुर्चीत आल्बा, पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि समोर रांग! हात ठेवते, डोळे मिटते, कानाशी लागते. ‘जा.’ ‘जा.’ ‘अजून नाही.’ फिलोमेनाबाईची पोरं गेली, दोनातो गेला, आत्ता माझ्या डोळ्यांदेखत खुद्द फिलोमेनाबाई गेली, तीन तास वगैरे सगळं गुंडाळून!

मीही रोज रांगेत उभा राहतो. हात येतो ढेरीवर. ‘भीती वाटते का, आजोबा?’ मी म्हणतो, ‘छे!’ ती परत विचारते. मी परत म्हणतो, ‘छे!’ मग ती माझ्याकडे बघते. तसंच. आणि म्हणते, ‘अजून नाही.’

बसलोय. सरका जरा, सावली इकडे आलीये.