दोन माऊसचा कॉम्प्युटर

नळदुर्गच्या एसटीत दानियालला जागा मिळाली नाही. नवं खोकं पोटाशी धरून तो अब्बांच्या सीटला टेकून उभा राहिला. खोक्यात दोन कंट्रोलरवाला, गेम खेळायचा कन्सोल होता, पण अब्बांच्या गळी त्यानं तो कॉम्प्युटर म्हणून उतरवला होता. अब्बांशेजारच्या पटकेवाल्या आजोबांना राहवेना.

“काय घेतलं एवढं मोठं, भाई?”

“कॉम्प्युटर. पोराच्या कॉलेजला लागतो.”

“अन् पडदा कुठं हाय?”

“ह्याला लागतच न्हाय. घरच्या टीव्हीला जोडायचं. दुकानदारानं पडदेवाला पण दाखवला. मला काय कळतंय त्यातलं? दानियाल म्हणला, अब्बा, ह्योच घेऊ. घेतला.”

“माझ्या नातवाकडं असलंच हाय.”

“व्हय? मंग लई हुशार झाला आसंल!”

आजोबांनी मान वर करून दानियालकडं बघितलं. दानियालनं खोक्याची चित्राची बाजू पोटाकडं फिरवली.

“झाला की,” आजोबा म्हणाले.

“ह्याची बहीण सबिहा बारावीला हाय. अर्ज भरायचा म्हणलं की चौकातल्या दुकानात ताटकळती बिचारी. आता घरीच भरंल.”

“अन् तुमी?”

“मी पण शिकणार! आत दोन माऊस हायत. एक त्याला, एक मला. शिकवतो म्हणलाय.”

“शिकवणार ना रं, बाळा?”

दानियाल खोक्याची चिकटपट्टी नखानं खरडायला लागला.

“लाजतंय ते,” अब्बा हसले. “लहानपणापासनं तसंच हाय. स्वतःचं कौतुक ऐकवत न्हाय त्याला.”